ठासणीच्या बंदुकीला चिंच-मीठ? थांबा जरा

दसऱ्याच्या तोंडावर नागपुरात एक मेसेज फिरतोय : ठासणीच्या बंदुकीच्या (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची जुनी बंदूक) पितळी भागांना चिंच-मीठ लावून रात्रभर ठेवा, सोन्यासारखे चमकतील. अर्धंच खरं आहे हे. समईला लावून दोन मिनिटांत धुतलं तर ठीक. रात्रभरात मात्र आंबटामुळे पितळातलं जस्त निघू शकतं आणि तांब्याचा गुलाबी रंग उरतो. नागपूरच्या महाल भागात एका ओळखीच्यांकडे चापाभोवतीची पितळी कडी बघितली, कडेला चक्क गुलाबी डाग! शेजारच्या लोखंडी स्क्रूला मिठाने गंज चढला तो वेगळाच.

सुटे भाग घेऊन बंदूक जोडायच्या किटमधला ओतीव, खरबरीत पितळी भाग असेल तर आधी बारीक कानस, मग लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला २२०, ३२०, ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्याच क्रमाने. बफिंगच्या (चकाकी आणणाऱ्या फिरत्या) चाकावर घाईत धरलं की कडा गोल होतात, स्क्रूची भोकं पसरतात.