सत्तर सेंटिमीटरच्या अलीकडचा बैल

माझ्याकडे फिल्मवर चालणारा एक रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतून बघत हातानं फोकस जुळवायचा कॅमेरा आहे. जपानच्या कोसिनानं बनवलेला बेसा आर४एम. त्यावर २८ मिलिमीटरची एफ/२ लेन्स. शहरात ही जोडी गळ्यात घालून फिरलं की चारचौघं जरा आदरानं बघतात. आर्वीकडच्या आमच्या मामाजींच्या गावात मात्र पहिला प्रश्न आला, "ह्याचा टीव्ही कुठी गेला बे?" मागच्या बाजूला स्क्रीन नसलेला कॅमेरा म्हणजे पडून फुटलेला कॅमेरा, हे तिथल्या पोट्ट्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

मला पोळ्याचे फोटो काढायचे होते, तेही फ्लॅश न मारता आणि कुणाला पोज घ्यायला न लावता. कल्पना माझी नाही. आर्वी ज्या वर्धा जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामात गांधीजींनी नात्यातल्याच कनू गांधींना फोटो काढू दिले ते तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. मामाजींच्या गावानं यातली तिसरी अट तेवढी तंतोतंत पाळली. बाकी दोन उलट्या केल्या. "लाइट काऊन नाही मारत?" हे प्रत्येक घरी ऐकलं, आणि पोज न देता उभा राहिलेला माणूस मला अख्ख्या गावात दिसला नाही.

एफच्या पुढचा आकडा जितका लहान, तितकं उजेड आत घेणारं लेन्सचं भोक मोठं; एफ/२ची लेन्स घेतात ती अंधारासाठी. विदर्भात अंधार मिळवायला संध्याकाळपर्यंत थांबावं लागतं. पावसाळा असला तरी ढग फाटला की ऊन असं पडतं, की ४०० आयएसओच्या, म्हणजे उजेडाला बऱ्यापैकी तिखट फिल्मला एफ/१६ वर सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. त्याच उन्हात लेन्स पूर्ण उघडायची तर बत्तीस हजारावा भाग हवा. माझा कॅमेरा दोन हजाराव्याला हात जोडतो. म्हणजे ज्या भोकासाठी एवढे पैसे मोजले, ते दिवसभर मिटून ठेवायचं.

मिटून ठेवण्याचा एक फायदा असतो. एफ/८ वर लेन्स सव्वातीन मीटरवर लावून ठेवली, की साधारण एक मीटर साठ सेंटिमीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फोकसला हात लावायची गरज नाही. पुस्तकात हे वाचताना फार सुख वाटतं. पण पोळ्याच्या दिवशी गावातलं कुणीही कॅमेऱ्यापासून दीड मीटरच्या पलीकडे उभं राहत नाही, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. पोट्टे तर लेन्सच्या आतच शिरायला बघतात.

खरी कसरत संध्याकाळी. मामाजींची बैलजोडी गवळाऊ जातीची, पांढरीशुभ्र. आदल्या दिवशी खांद शेकून, हळद-तूप लावून, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" असं रीतसर आमंत्रण दिलेली. अंगावर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, नाकात नवी वेसण. आंब्याच्या तोरणाखाली गावच्या जोड्या उभ्या, कुणीतरी खड्या आवाजात झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी म्हणतंय, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून "हर हर महादेव!" अशा वेळी रेंजफाइंडरच्या खिडकीच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन दिसतो. त्या चौकोनात वस्तू दोनदा दिसते. लेन्सवरचं कडं फिरवत दोन्ही प्रतिमा एकीवर एक बसवल्या की फोकस झाला. त्यासाठी एखादी ठसठशीत उभी रेघ लागते, खांबाची म्हणा, दाराच्या चौकटीची म्हणा. पांढऱ्या बैलाच्या तोंडावर रेघ आणायची कुठून? उरलं शिंग. ते वाकडं, वर चमचमतं, आणि झडती रंगात आली की हलतं.

त्यात २८ची रुंद लेन्स. दोन-तीन पावलं मागं सरलं की एवढा थोरला बैल शेळीएवढा येतो, म्हणून जवळ जावंच लागतं. एका मीटरवर एफ/२ला स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम पंधरा सेंटिमीटरचा. बैलाचं तोंड त्याहून लांब. वेसण धरली की डोळा गेला, डोळा धरला की वेसण गेली. आणि मामाजींना दोन्ही पाहिजे, कारण वेसण यंदा नवी आणि डोळा, त्यांच्या मते, पंचक्रोशीत तसा दुसरा नाही. शिवाय ही लेन्स सत्तर सेंटिमीटरच्या अलीकडचं काही मानतच नाही. बैलाला हे माहीत नव्हतं. त्यानं मान पुढे केली आणि खरखरीत जिभेनं फिल्टर साफ चाटून घेतला.

"पाय, ओळखते तो तुले," मामाजी म्हणाले.

ह्या कॅमेऱ्यात आरसा नाही, त्यामुळे फोटो काढताना तो आपटल्याचा आवाज होत नाही. रस्त्यावर हा गुण, गावात आफत.

"काढला काय?"

"काढला."

"आवाज तं नाही आला."

मग सगळे पुन्हा छाती फुगवून उभे. दुसऱ्यांदाही आवाज न आल्यानं शेजारच्या काकाजींना माझी दया आली. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, फ्लॅश मारला, खणखणीत "खचाक" झालं आणि जमाव समाधानानं पांगला. पोळा फुटला. माझ्या ३६ फोटोंपैकी कितीतरी अजून शिल्लक होते.

फिल्म घरीच धुतो मी. ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरला पाणी साधारण वीस अंशाचं लागतं. विदर्भात नळाचं पाणी तेवढं गार फक्त थंडीत येतं. म्हणून मामींच्या फ्रीजमधल्या बर्फावर डल्ला. आधी त्याच फ्रीजमध्ये फिल्मच्या डब्या ठेवल्या होत्या, तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "हे शुगरचं औषध होय काय?"

फोटो आले. त्यातल्या त्यात बरा आला तो तोरणाखालचा. मधोमध काडीसारखे सरपंच, दोन्ही बाजूंना जोडी आणि अगदी डाव्या कडेला कासरा धरून मामाजी. एवढ्या रुंद लेन्सला कडेची माणसं बाहेरच्या बाजूला ताणायची सवय असते. मामाजींनी फोटो हातभर लांब धरून पाहिला.

"म्या जाड दिसून राह्यलो ह्याच्यात."

"दिसून नाही राह्यले," मामी आतून म्हणाल्या, "हाये."

मी घाईघाईनं लेन्सचं शास्त्र समजावलं. मधलं जसंच्या तसं येतं, कडेचं फुगतं, त्यात तुमचा दोष नाही. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं, आणखी एकदा फोटोकडे पाहिलं, मग गोठ्याकडे.

"मंग असं कर भाचेबुवा," ते म्हणाले, "पुढच्या खेपेले मले मधात घे अन् गोऱ्हा कडेले उभा कर. उन्हाळ्यात विकाचा हाये तो."