मोबाइल चोरीला गेल्यास काय करावे

आठवडी बाजारात खिसा हलका झाला? घाबरू नका. तुम्ही डिजिटल युगात आहात. पूर्वी तक्रारीसाठी कार्बन पेपर घरून न्यावा लागे, आता पेन ड्राइव्ह न्या.

पोलीस ठाण्यात शिरल्यावर ‘चोरी’ हा शब्द तोंडातून काढू नका. चोरी म्हटली की गुन्हा, गुन्हा म्हटला की तपास, आणि क्राइम मीटिंगला साहेबांना उत्तर द्यावं लागतं. ‘गहाळ’ म्हणा, सगळे सुखी होतात. ब्लेडने फाडलेला खिसा दाखवलात तर ठाणे अंमलदार त्यात बोट घालून बघतील आणि म्हणतील, ‘‘शिलाई उसवलीय, काका.’’ मान डोलवा.

मग हद्द. नाल्याच्या अलीकडे फोन गेला तर हे ठाणे, पलीकडे गेला तर ते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात हद्द न बघता गुन्हा नोंदवायची सोय आहे, ई-मेलनेही तक्रार देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. पण हे तिथे बोलून दाखवू नका. कायदा माहीत असलेल्या माणसाला बाकडं उशिरा मिळतं.

कॅमेऱ्यांवर विश्वास ठेवा. 26/11 नंतर मुंबईत हजारो लागले, इतर शहरांतही लागले. तुमचं हेल्मेट नसलेलं डोकं नंबरप्लेटसकट ई-चलनावर किती स्वच्छ येतं! त्याच चौकातल्या चोराच्या बाबतीत मात्र ‘अँगल नाही’. फुटेज तुम्हीच गोळा करा. दुकानदार म्हणेल, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतील, आधी फुटेजमध्ये काही आहे का बघून या, मग पत्र देतो. घाई करा, फुटेज साठवणारं यंत्र, म्हणजे डीव्हीआर, जुनं पुसून टाकतो.

बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय 1897 साली आपल्याच कलकत्त्यात निघालं, याचा अभिमान बाळगा. चोराचे स्पष्ट ठसे तुमच्या फोनवर आहेतच. फक्त फोन सापडायला हवा.

हवालदारावर मात्र चिडू नका. रात्रभर बंदोबस्त करून आलेला तो माणूस एकच मजकूर आधी हाताने लिहितो, मग एका बोटाने टाइप करतो. झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. ते बहुधा त्याच्याच मोबाइलवर, त्याच्याच रिचार्जवर होतं.

आता सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावर असतो, खोकं दिवाळीतच रद्दीत गेलेलं असतं. तो मिळालाच, तर शेवटी ओटीपी येईल, गेलेल्या नंबरवर. म्हणजे आधी डुप्लिकेट सिम. सिमच्या दुकानात पोलिसांचा दाखला मागतील, म्हणून पुन्हा ठाण्यात या. अंमलदार स्क्रीनवरून नजर न हलवता अगदी आपुलकीने सांगतील, ‘‘सर्व्हर डाऊन आहे काका. आला की तुम्हाला फोन करतो. नंबर सांगा.’’