आय-२० वरचा सीआयपी कोड आधी बघा

एमपीएचसाठी (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) अमेरिकेला जाण्याच्या खर्चावरचा लेख वाचला; त्यातला हिशेब फी आणि राहणं एवढ्यावरच थांबलाय. व्याज धरलंच नाही. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के सरळ व्याज. दोन वर्षांचा कोर्स आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, म्हणून व्याजही भरलं नाही, तर १३.२० लाख मुद्दलात चढतात. मग १० वर्षांसाठी ५५ हजारांऐवजी साधारण ७३ हजारांचा हप्ता बसतो! निदान व्याज तरी दरमहा भरत राहा. भरलेल्या व्याजावर आयकराच्या जुन्या करप्रणालीत आठ वर्षं वजावट मिळते.

हा हप्ता रुपयांतल्या पगारातून फेडणं फार अवघड, म्हणून आय-२० वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रवेशाचं प्रमाणपत्र) सीआयपी कोड महत्त्वाचा: हा अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक, पदवीनंतर तिथे किती काळ काम करता येईल ते त्यावर ठरतं. ५१.२२०१, म्हणजे सर्वसाधारण पब्लिक हेल्थ, स्टेम यादीत (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित विषयांची अमेरिकी सरकारची यादी) नाही. ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी, फक्त १२ महिने. एपिडेमिऑलॉजीचा २६.१३०९ आणि बायोस्टॅटिस्टिक्सचा २६.११०२ यादीत आहेत, त्यावर आणखी २४ महिने मिळू शकतात. पदवीचं नाव तेच 'एमपीएच' असतं, कोड मात्र विद्यापीठागणिक बदलतो. डिपॉझिट भरण्याआधी प्रवेश कार्यालयाकडून तो ईमेलवर लेखी घ्या.

सोफासवर (पब्लिक हेल्थ अभ्यासक्रमांचं सामायिक अर्ज पोर्टल) अर्ज करताना उशीर होतो तो वेस या संस्थेकडून परदेशी गुणपत्रकांचं मूल्यांकन करून घेण्यात. तिथे 'आयकॅप, कोर्स-बाय-कोर्स' (प्रत्येक विषयाचं वेगळं मूल्यांकन) हाच प्रकार निवडा. आपल्या विद्यापीठातून सीलबंद गुणपत्रकं निघायलाच आठवडे जातात, तेव्हा डिसेंबरच्या मुदतीसाठी ऑगस्टमध्येच अर्ज टाका.

आणि काम भारतातच करायचं असेल तर मुंबईचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) किंवा तिरुवनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर इथलं एमपीएच आधी बघा, कर्ज नंतर.