बछडी उचलू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

जुन्नर तालुक्यात ओतूरजवळ वस्तीवर राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा रात्री एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "खरं का रे हे?" मेसेज म्हणतो: वनखातंच बिबटे गाडीतून आणून सोडतं. सगळे पकडून लांबच्या जंगलात सोडले की प्रश्न मिटला. बछडी दिसली तर उचलून लांब न्या, मादी आपोआप निघून जाते. आणि वनरक्षकांना लोकांशी बोलायचं प्रशिक्षण देणं ही पैशांची नासाडी आहे. आत्याच्या घराला तीन बाजूंनी ऊस आहे. गप्प बसवेना.

बछड्यांचं आधी, कारण त्या सल्ल्याने माणूस मरेल. गेल्या तोडणीला तिच्या शेजारच्या फडात दोन बछडी निघाली, मांजरीच्या पिलांएवढी. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. 'वाघाची पिल्लं' म्हटल्यावर शे-दीडशे माणसं जमली, एकाने पिल्लू काखेत घेऊन फोटोही काढला. आलेल्या वनरक्षकाने ना काठी आपटली, ना कायदा ऐकवला. मुकादमाला बाजूला घेऊन म्हणाला, "आई इथंच उसात बसलीय. आजच्या दिवस कोयता थांबवा, रात्रीतून नेईल ती." मग मुकादमानेच लोक हटवले. पिल्लं टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून सापडली तिथेच ठेवली. रात्री मादी आली, क्रेट आडवा केला आणि एकेक करून दोन्ही घेऊन गेली. पिल्लं हलवली असती तर ती त्यांच्या शोधात वस्तीभोवती फिरत राहिली असती, आणि पहाटे धारेला गोठ्यात आत्याच जाते.

मुकादमाशी असं बोलणं वर्दी चढवली म्हणून येत नाही, शिकवावं लागतं. मुंबईत संजय गांधी उद्यानाने २०११ पासून वनकर्मचारी, पोलीस आणि पत्रकारांना सोबत घेऊन बिबट्यांबद्दल लोकांशी बोलण्याचं हेच काम केलं. याला नासाडी म्हणणाऱ्याने एकदा त्या फडात उभं राहून गर्दी हटवून दाखवावी.

'लांब सोडा' हे तर जुन्नरमध्ये करून झालंय. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा २०११चा शोधनिबंध आहे. १९९३ ते २००१ या काळात जुन्नरमध्ये वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडून दुसरीकडे सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते वर्षाला १७ झाले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात टाकायचं, आणि इथे रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या येणारच. शिवाय सोडलं तिथे ते थांबतही नाही. २००९ मध्ये माळशेज घाटात माग काढणारी कॉलर लावून सोडलेला एक बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या बाजूला पोचला होता.

'आणून सोडतात' यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. एकीकडचे बिबटे दुसरीकडे सोडले गेलेच, म्हणून तर ही अफवा मरत नाही. पण उसातले बिबटे उसातच जन्मलेत, तिथेच कुत्री-डुकरं खाऊन वाढलेत. आणि लोकांचा राग खोटा नाही. रात्रीची वीज देऊन शेतकऱ्याला अंधारात पाणी भरायला लावायचं आणि वर 'सावध राहा' म्हणायचं, हे कुठलंही प्रशिक्षण झाकू शकत नाही. दिवसा वीज मिळायलाच हवी.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. वनखात्याचा १९२६ नंबर तिने गोठ्याच्या दारावर खडूने लिहून घेतला.