‘कारकुनाच्या हातात संघटना’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तालुका शाखांनी पावतीपुस्तकं आणि व्हाउचरं ३१ मार्चनंतर लगेच आपल्या माजी सैनिक संघटनेच्या सातारा जिल्हा कार्यालयाकडे द्यावीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक माजी सैनिक’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाखा राबतात आणि जिल्हा पैसे दाबून बसतो, म्हणून शाखांनी आपापली खाती काढून आपले पैसे आपल्याकडेच ठेवावेत. हिशेब लगेच मागणं ही हुकूमशाही आहे. ध्वजदिन निधीचं काय होतं ते कोणी सांगत नाही. कार्यक्रमात शाल-श्रीफळापलीकडे काही घडत नाही. विनापेन्शन जवानांना कोणी विचारत नाही. बैठका दूरच्या शाखांना न जमणाऱ्या वेळी ठेवतात. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य : ‘‘कारकुनाच्या हातात संघटना गेली की शाखांची वसुली केंद्रं होतात, साहेब लढलेले असते तर त्यांना शाखेची किंमत कळली असती.’’

आधी भाषेबद्दल बोलतो. टीकेला माझी ना नाही, संघटना सभासदांची आहे. पण आपण सगळे फौजेतून आलो आहोत. तिथे सैनिक संमेलनात साधा शिपाईसुद्धा कमांडिंग ऑफिसरसमोर उभा राहून आपला पॉइंट मांडू शकतो. मांडण्याआधी तो नंबर, रँक आणि नाव सांगतो. तुम्ही यातलं काहीच सांगितलं नाहीत. शाखा कोणती, तेही नाही. नाव झाकून दुसऱ्याच्या सेवेचं मोजमाप काढणं मला पटत नाही आणि ते मी स्पष्ट सांगतो.

आता ते वाक्य.

हो, मी क्लार्क होतो. शिपाई क्लार्क म्हणून भरती झालो, सुभेदार हेड क्लार्क म्हणून पेन्शनवर आलो. ‘लढलेले असते तर’ हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? पलटण नियंत्रण रेषेवर असते तेव्हा तिचं ऑफिस पुण्याला नसतं. तेही तिथेच असतं, त्याच थंडीत, त्याच तोफांच्या टप्प्यात. तुम्ही खरोखर फौजेत वर्षं काढली असतील तर हे तुम्हाला माहीत असायला हवं.

१९९९ चा उन्हाळा मी अशाच ऑफिसात काढला. पलटण आणि सेक्टर इथे लिहीत नाही, कारण ज्या घराबद्दल सांगतोय ते घर अजून नांदतं आहे. आमचा एक पोरगा वर गेला तो परतला नाही. घरी कळवायचं तर किन्ड्रेड रोल काढावा लागतो. जवानाची आई, बाप, बायको, मुलं, त्यांच्या जन्मतारखा, पत्ता, सगळं त्यात असतं. त्याच्या रोलवर बायकोच्या नावाची जागा कोरी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुट्टीवरून आला आणि पलटण हलली, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या कागदावरची नोंद, करायची राहून गेली. वारस म्हणून बापाचं नाव तसंच होतं.

लढाईत कामी आलेल्या जवानाच्या विधवेला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराएवढं. पण ती त्याची बायको आहे हे कागदावर कुठेतरी असावं लागतं. ते सिद्ध करायला त्या पोरीने लग्नपत्रिका दिली, ग्रामपंचायतीचा दाखला आणला, लग्न लावणाऱ्या भटजींचं प्रतिज्ञापत्र केलं. सासरच्यांनी हरकत घेतली. दुखवट्यात बसायच्या दिवसांत ती तहसीलच्या बाकावर बसली होती. एका कोऱ्या रकान्यामुळे. तेव्हापासून सुट्टीवरून आलेल्या प्रत्येक जवानाला मी आधी ऑफिसात बोलवायचो आणि रोल बघायचो. पोरं वैतागायची, मी ऐकायचो नाही. यालाच तुम्ही कारकुनी म्हणत असाल तर म्हणा. माजी सैनिकांच्या संघटनेचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे, आणि ते येत नसलेल्या माणसाने संघटना चालवायला घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

शाखेची किंमत मला कळत नाही, असं तुम्ही म्हणता. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या आजींचं सांगतो. नवरा पेन्शनर, तो वारला. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, आजींचं माहेरचं नाव होतं, कारण लग्नाची नोंद करताना नवऱ्याने तेच सांगितलं. लग्नात नाव बदललेलं, त्यामुळे आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळीकडे सासरचं नाव. कागदोपत्री या दोन वेगळ्या बायका. पेन्शन अडली आणि आजी गप्प बसून राहिल्या. कुणाला विचारायचं तेच त्यांना माहीत नव्हतं.

हे जिल्ह्याला कसं कळणार होतं? कळलं ते तालुका शाखेच्या अध्यक्षांमुळे. पलटणीतून नाईक म्हणून आलेला माणूस, गुडघे दुखतात, तरी एसटी जिथे थांबते तिथून वाडीपर्यंत चढून गेला. आजींनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण कुटुंबाच्या नोंदीचं पान शाबूत होतं. त्या पानाचा फोटो अध्यक्षांनी मला मोबाईलवर पाठवला, तिथून आमच्या टेबलाचं काम सुरू झालं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, हे सगळं लावून प्रकरण फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला गेलं. दुरुस्तीचा पीपीओ आला आणि पेन्शन थकबाकीसकट सुरू झाली.

या प्रकरणात नोटरी, जाहिरात, झेरॉक्स, अध्यक्षांचा प्रवास यांवर जो खर्च झाला तो त्या शाखेच्या वर्षभराच्या वर्गणीपेक्षा जास्त होता. तो जिल्ह्याच्या खात्यातून गेला. जिल्ह्याच्या खात्यात तो कुठून आला? सातारा-कराडकडच्या मोठ्या शाखांकडून. तिथे पेन्शनर जास्त, वर्गणी जास्त. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या शाखा लहान, गावं लांब, आणि अडलेली प्रकरणं मात्र तिथलीच जास्त अवघड. तुम्ही म्हणता तसं ज्याचं त्याने ठेवलं तर मोठ्या शाखा वर्षाला आणखी एक स्नेहमेळावा घेतील आणि वाडीवरची बाई पेटी उघडून बसून राहील. मी पैसे एकत्र ठेवायचा आग्रह धरतो तो एवढ्याचसाठी. ‘वसुली केंद्र’ हा शब्द वापरताना त्या नाईकाच्या गुडघ्यांचा तरी विचार करायला हवा होता.

नोव्हेंबर महिना घ्या. हयातीचा दाखला ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते. ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्यांचे अंगठे शेतात राबून इतके झिजलेले असतात की मशीन घेतच नाही. मग मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला काढायचा. घरात उजेड कमी, म्हणून आजोबांना खुर्चीसकट अंगणात आणायचं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायचं, रेंज येईपर्यंत थांबायचं. हे काम शाखेची माणसं करतात. मशीन, मोबाईल आणि शिकवणं जिल्ह्याचं. दोघांत मालक कोण हा प्रश्न जो माणूस त्या अंगणात उभा राहिला आहे त्याला पडत नाही.

शाखांनी आपापली खाती काढावीत या सूचनेवरही सांगतो, कारण ते वाचून दोन शाखाध्यक्षांनी मला फोन केले. आपली संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे. शाखा वेगळ्या नोंदलेल्या नाहीत. पॅन एक, हिशेब एक, लेखापरीक्षण एक. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावं लागतं आणि तो अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो. देणगीदारांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे भरायचं असतं, त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता आणि ओळख क्रमांक लागतो. आणि आमच्याकडे येणाऱ्या पावतीच्या स्थळप्रतीवर काय असतं? ‘समस्त ग्रामस्थ’. नाहीतर ‘पाटील, मुंबई’. २००० रुपयांच्या वर रोख घेतलेल्या देणगीवर देणगीदाराला आयकरातली ८०जीची सवलत मिळत नाही, हे लेखी कळवूनही रोख घेतली जाते आणि मग देणगीदार माझ्याकडे प्रमाणपत्र मागतो. चूक निघाली तर नोटीस विश्वस्तांच्या नावाने येते, शाखेच्या नावाने नाही. हिशेब लगेच द्या असं मी लिहिलं त्याचं कारण हे आहे. त्यात हुकूमशाही कुठे दिसली?

आणि एक. जमा वर्गणीतली निम्मी रक्कम व्हाउचर दिल्यावर शाखेला खर्चासाठी परत मिळते. हा नियम तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. माहीत नव्हता की लिहायचा नव्हता?

बैठकीच्या वेळेबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. सकाळी दहाला साताऱ्यात पोहोचायचं तर कोयनेकडच्या माणसाला आदल्या रात्री निघावं लागतं. पुढची बैठक दुपारी साडेबाराला ठेवतो आणि चारच्या आत संपवतो, म्हणजे परतीची गाडी चुकणार नाही. योग्य असेल ते मी मान्य करतो, हे यावरून दिसावं.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखं नाही. ध्वजदिन निधी आपला नाही. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो, त्याचं संकलन सरकारी आहे, ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होतं. त्यातला एक रुपया आपल्या खात्यात येत नाही, त्यामुळे त्याचा हिशेब आपल्याकडे मागण्यात अर्थ नाही. आरोप करण्याआधी एवढं तरी विचारून घ्यायचं.

शाल-श्रीफळाबद्दल बोलायचं तर वीरमातेला व्यासपीठावर बोलवून नमस्कार केला तर कुणाचं काय बिघडतं ते मला कळत नाही. ज्या जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, तिथे मान देण्याला कमी लेखू नये.

विनापेन्शन जवानांना कोणी विचारत नाही, हे तर साफ खोटं आहे. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याचा, पासष्टच्या वरचा, पेन्शन नसलेला माजी सैनिक किंवा त्याची विधवा यांना संरक्षण मंत्र्यांच्या कल्याण निधीतून दरमहा अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते चार हजारांवरून आठ हजार झालं आहे. त्याचा फॉर्म प्रत्येक शाखेला पाठवला आहे. मुदत संपल्यावर पेन्शनशिवाय घरी आलेली किती म्हातारी माणसं आज दुसऱ्याच्या शेतावर राखणीला आहेत, ती मला माहीत आहेत, नावानिशी. तुमच्या गावात असा कुणी असेल आणि त्याचा अर्ज अजून गेला नसेल, तर माझ्यावर लिहिण्यात घालवला तो वेळ त्याच्या दारात घालवा. डिस्चार्ज बुक, आधार, बँक पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन त्याला शाखेत आणा. ऑनलाइन भरून द्यायचं काम आमचं.

राहिला वर्गणीच्या वाट्याचा प्रश्न. निम्म्याऐवजी साठ टक्के शाखेला परत द्यावेत असं वाटत असेल तर तसा रीतसर मार्ग आहे. शाखेच्या मासिक सभेत ठराव घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं घाला, अध्यक्षांची सही आणि शिक्का घेऊन वार्षिक सभेच्या पंधरा दिवस आधी माझ्याकडे पाठवा. लहान शाखांचा खर्च मग कुठून भागवायचा तेही त्यातच लिहा. मी तो विषयपत्रिकेवर घेईन, सगळ्या शाखांसमोर वाचून दाखवीन आणि त्याच्या विरोधात बोलेनही.