लॉन सुकलंय की मेलंय? तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'तपकिरी लॉन उपटू नका, ते सुप्तावस्थेत असतं, असं तुम्ही लिहिलंत म्हणून मी महिनाभर थांबलो. आता अर्धं लॉन गेलं. तपकिरी गवत म्हणजे मेलेलं गवत, उगाच आशा लावू नका,' ही तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग रास्त आहे. तो लेख एप्रिलमध्ये उन्हाळ्यातल्या लॉनबद्दल लिहिला होता आणि ही अट मी त्यात कुठेच घातली नव्हती. चूक माझी. पण तपकिरी म्हणजे मेलेलंच, हे मात्र मला मान्य नाही.

तुमचं लॉन हरळीचं आहे. हरळी मारणं किती कठीण असतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, काशा (मातीखालची आडवी खोडं) वेचायच्या, उन्हात वाळवायच्या, तरी पाऊस पडला की राहिलेल्या एखाद्या तुकड्यातून ती फुटतेच. गवताचा जीव जमिनीलगतच्या पेरांत आणि मातीखालच्या काशांत असतो. पाणी तुटलं की पाती वाळतात, काशी तग धरते. एप्रिल-मेमध्ये सगळं लॉन सारखंच तपकिरी पडलं असेल, मूठभर गवत ओढलं तर सहज निघत नसेल आणि काशी मोडल्यावर आत पांढरी, ओलसर दिसत असेल, तर ते जिवंत आहे. तरी शंका राहिली तर हातभर चौकोनाला आठ-दहा दिवस पाणी देऊन बघा, कोंब दिसतील. (टँकर येत असताना अख्खं लॉन हिरवं ठेवायचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन आठवड्यांतून एकदा चौरस मीटरला 10-12 लिटर पाणी काशा जगवायला पुरतं.)

आता तुमच्या लॉनबद्दल. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये, पाऊस चालू असताना, जागोजागी डाग पडले आणि साळुंक्या दिवसभर तिथेच माती टोचत असतात. जमिनीत ओल असताना हरळी तहानेने वाळत नाही. मला हुमणीचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचा, दाट संशय आहे. वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात, ते मातीत अंडी घालतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात अळ्या मुळं खात असतात. डागाच्या कडेचं गवत ओढा. सतरंजीची कड उचलावी तसं अलगद वर आलं तर मुळं खाल्ली गेली आहेत. तिथे फूटभर चौकोन चार बोटं खोल खणा. अर्धगोल वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या चार-पाच जरी निघाल्या तरी थांबू नका. सापडतील तेवढ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका आणि ओल आहे तोवर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम (अळ्यांना मारणारी बुरशी) मिसळून डागांवर आणि भोवती पसरा. अळ्या आता मोठ्या झाल्या असतील, त्यामुळे यंदा सगळ्या मरणार नाहीत. पुढच्या जूनमध्ये संध्याकाळी फांद्या हलवून भुंगेरे गोळा करणं याहून जास्त उपयोगी पडेल.

अळी एकही निघाली नाही आणि मुळं काळी, कुजकी दिसली, तर पाणी कुठे साचतंय ते आधी बघा.

माळी म्हणतोय म्हणून सगळं उकरून नवं लॉन आत्ता घालू नका, ते त्याच अळ्यांच्या तोंडी जाईल. डागाबाहेरची घट्ट हरळी राहू द्या, अळ्या कमी झाल्या की तीच रिकाम्या जागेत पसरेल. चौकोनात किती अळ्या निघाल्या ते इथेच कळवा. मूळ लेखात उन्हाळ्याची अट आजच घातली आहे.