दातातली चांदी काढून टाकायची घाई नको

कोल्हापुरातल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि तालमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दातात भरलेल्या चांदीत निम्मा पारा असतो. तो रोज थोडा थोडा रक्तात उतरतो. अंगाची खाज, थकवा, विसराळूपणा, सांधेदुखी ही सगळी त्या पाऱ्याची ॲलर्जी. युरोपने म्हणूनच चांदी बंद केली. तेव्हा आजच सगळी काढून घ्या, पांढरं सिमेंट भरा, त्याची ॲलर्जी कुणालाच होत नाही. आणि नंबर लागेपर्यंत दाढेत लवंगेचं तेल सोडा.

माझा दाताचा दवाखाना राजारामपुरीत आहे. हा मेसेज मोबाइलवर उघडूनच लोक खुर्चीत बसतात. परवा एक काकू म्हणाल्या, "डॉक्टर, चारही दाढांतली काढा बघा, आजच्या आज." चारही दाढांत चांदी जुनी होती, पण कडेला कुठे फट नव्हती की कीड नव्हती. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो, कारण या मेसेजमध्ये खरं आणि खोटं एकाच ताटात वाढलंय.

निम्मा पारा असतो, हे खरं आहे. चांदी, कथील आणि तांबं यांची पूड पाऱ्यात घोटली की काही तासांत त्यांचं कडक संयुग बनतं. त्यातून पाऱ्याची वाफ अजिबात सुटत नाही असं मी म्हणणार नाही. चावताना आणि रात्री दात खाताना अगदी थोडी सुटते, आणि चांदी भरलेल्या लोकांच्या लघवीत पारा किंचित जास्त सापडतो. प्रश्न असा की तेवढ्याने मेंदूला इजा होते का? लिस्बनमध्ये ५०७ मुलांवर आणि अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात ५३४ मुलांवर याचाच अभ्यास झाला. निम्म्या मुलांना चांदी भरली, निम्म्यांना पांढरं सिमेंट, आणि पुढे काही वर्षं त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, लक्ष तपासत राहिले. दोन्हींचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त होता, पण बुद्धीत आणि स्मरणशक्तीत दखल घ्यावी असा फरक दिसला नाही. थकवा आणि विसराळूपणा असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासा. या गोष्टी सापडतात आणि औषधाने सुधारतातही.

आता ॲलर्जी. ती असते. क्वचित असते, पण ज्याला असते त्याचे हाल होतात, म्हणून "असं काही नसतंच" म्हणणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. मात्र मेसेजमध्ये लिहिलीय तशी ती अंगभर भटकत नाही. बहुतेक वेळा ती चांदीला टेकलेल्या जागी दिसते. माझ्या एका पेशंट ताईंना तिखट अजिबात सोसत नव्हतं, घरच्या कार्यातही त्या तांबड्या रश्श्याला हात लावत नव्हत्या. गाल बाहेर ओढून आरशाने बघितलं तर उजव्या गालाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रेघांची जाळी आणि मध्ये लालसर, सोलल्यासारखा पट्टा. गाल सैल सोडला की तो पट्टा बरोबर खालच्या दाढेतल्या चांदीवर बसायचा. चांदी संपली तिथे पट्टाही संपत होता. डावा गाल स्वच्छ होता. त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट झाली, पारा पॉझिटिव्ह आला. तेवढी एकच चांदी काढली आणि काही महिन्यांत गाल निवळला.

पॅच टेस्ट म्हणजे पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढून बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघतात, कारण ही ॲलर्जी उशिरा उठणारी असते. हातात पदार्थाची बाटली धरायला लावून ॲलर्जी ठरवणाऱ्यांकडे किंवा आधी पारा उतरवायचं औषध देऊन मग लघवी तपासून "विष निघालं" असं सांगणाऱ्यांकडे पैसे घालवू नका. ते औषध घेतल्यावर कुणाच्याही लघवीत पारा वाढलेलाच दिसतो.

एक गोष्ट मला मेसेजमधल्या सगळ्या चुकांपेक्षा जास्त घाबरवते. आपल्याकडे मिश्री आहे, तंबाखू आहे, गुटखा आहे. गालातला पांढरा चट्टा चांदीचा म्हणून सोडून दिला आणि तो कॅन्सरच्या आधीचा निघाला तर? तीन आठवड्यांत न जाणारा कुठलाही पांढरा किंवा लाल चट्टा दातांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तुकडा तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका.

"आजच काढा" हा सल्ला तर मेसेजच्याच तर्काने चुकीचा आहे. घट्ट बसलेली चांदी सर्वांत जास्त वाफ सोडते ती ड्रिल लागल्यावर. शिवाय प्रत्येक वेळी चांगल्या दाताचाही थोडा भाग जातो, आणि खोल भरलेली दाढ त्या धक्क्याने दुखायला लागून रूट कॅनॉलपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०२० मध्ये स्पष्ट सांगितलं: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांना शक्यतो नवी चांदी भरू नये; पण सुस्थितीतली जुनी चांदी वैद्यकीय गरज नसताना काढू नये. ज्यांची खरंच काढायची आहे त्यांनी रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा), भरपूर पाणी आणि जोरदार सक्शन आहे का, ते आधी विचारावं.

युरोपचं म्हणाल तर बंदी खरी आहे. २०१८ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर, स्तनदा स्त्रियांना खबरदारी म्हणून बंद केली आणि १ जानेवारी २०२५ पासून जवळपास सगळ्यांनाच. पण या सर्वसाधारण बंदीमागचं मोठं कारण पाण्यात, हवेत जाणारा पारा हे आहे. जपानमध्ये मिनामाटाच्या खाडीत कारखान्याचा पारा माशांत आणि तिथून माणसांत गेला. त्याच नावाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. उरलेल्या चांदीचा चुरा बेसिनमध्ये न धुता बंद डब्यात साठवणं ही आम्हा डॉक्टरांची जबाबदारी आहे. पंचगंगेच्या पाण्यात आधीच पुरेसं काही मिसळतंय. पण तोंडातली जुनी चांदी उपटा, असं युरोपनेही कुणाला सांगितलेलं नाही.

आणि पांढरं सिमेंट? त्यातली मेथॅक्रिलेट जातीची रसायनंही ॲलर्जी करतात. त्यातलंच एक, हेमा, नखांच्या जेल पॉलिशमध्ये असतं. जेल लावल्यावर बोटांना खाज सुटत असेल, नखाभोवती चिरा पडत असतील तर दात भरण्याआधी ते जरूर सांगा. ही रसायनं पातळ ग्लोव्हजमधून आरपार जातात, म्हणून दातांच्या डॉक्टरांची आणि असिस्टंटची बोटं आधी फुटतात. सिमेंट घट्ट करणारा निळा लाइट पुरेसा मारला नाही तर घट्ट न झालेलं रसायन मागे उरतं. त्यामुळे निगुतीने, थर देऊन भरलेलं सिमेंट आणि घाईत कोंबलेलं सिमेंट यांत फार फरक आहे.

दात भरल्यावर दोन-चार दिवस गार पाण्याची कळ येणं किंवा चावताना टोचणं म्हणजे ॲलर्जी नव्हे. बऱ्याचदा भरलेला भाग किंचित उंच राहिलेला असतो, तो पाच मिनिटांत घासून देता येतो. इंजेक्शननंतर छातीत धडधडतं ते बहुधा त्यातल्या ॲड्रेनॅलिनने. पण ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर दवाखान्यातच थांबा. घरी गेला असाल तर १०८ ला फोन करा.

राहिलं लवंगेचं तेल. त्यातलं युजेनॉल स्वतःच ॲलर्जी करू शकतं आणि निव्वळ तेलाचा बोळा हिरडीला लागून राहिला तर हिरडी भाजते. दुखतंय म्हणून लावलंच असेल तर लपवू नका. युजेनॉल दाढेत राहिलं तर पांढरं सिमेंट नीट घट्ट होत नाही, म्हणून मग आधी दाढ साफ करावी लागते किंवा त्या दिवशी दुसरं सिमेंट भरावं लागतं.